पानाचा चहा, रोज घरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या स्वयंपाकघरात चहाचे चार डबे आहेत आणि आलेल्या पाहुण्याची नजर आधी तिकडेच जाते. मग प्रश्न सुरू होतात. चहा मुरेपर्यंतच्या चार मिनिटांत जी उत्तरं घाईघाईने देत आले, ती इथे सवडीने लिहिली आहेत. बोलणं आसाम, दार्जिलिंग, निलगिरी आणि कांगडा यांच्यापुरतंच आहे, कारण रोज मी हेच चहा पिते.

पानाचा चहा म्हणजे नेमकं काय? चहा पावडरचं झाड वेगळं असतं का?

झाड एकच. कॅमेलिया सायनेन्सिस. त्याच्या दोन जाती: चीनकडची लहान पानांची आणि आसामची मोठ्या पानांची. काळा, हिरवा, पांढरा, सगळे चहा याच झाडाचे.

फरक पडतो कारखान्यात. खुडलेली पानं आधी काही तास पसरून कोमेजू देतात. पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेत पान यंत्राखाली नुसतं वळलं जातं. पेशी फुटतात, रस वर येतो, हवा लागते आणि पान तांबूस होऊ लागतं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तसाच हा प्रकार. हवा तेवढा रंग आला की गरम हवेने वाळवून ही क्रिया थांबवायची. याला ऑर्थोडॉक्स म्हणतात, आणि आपण ज्याला पानाचा चहा म्हणतो तो हाच. दुसऱ्या वाटेत पान दातेरी रुळांमधून चिरडलं, फाडलं आणि वळवलं जातं, त्याच्या बारीक गोळ्या होतात. ही सीटीसी, म्हणजे आपली रोजची चहा पावडर. हे यंत्र १९३० च्या दशकात आसामात आलं.

गोळी बारीक, म्हणून तिचा रंग आणि कडकपणा पाण्यात लगेच उतरतो आणि दुधापुढे टिकतो. पान अख्खं, म्हणून ते सावकाश सुटतं, पण सुगंध जास्त राखतं. चहा पावडरला कमी लेखणारे लोक मला आवडत नाहीत. आलं-वेलदोड्याचा दुधाचा चहा करायचा तर चांगली सीटीसीच हवी, तिथे महागडं दार्जिलिंग वाया जातं.

रोजसाठी तुम्ही कोणते चहा ठेवता?

सकाळी उठल्यावर आसाम. मे-जूनमध्ये खुडलेला, दुसऱ्या बहराचा. काळ्या पानांत सोनेरी कळ्या दिसतात, रंग गडद तांबूस उतरतो आणि चवीला भाजलेल्या धान्यासारखा खमंगपणा असतो. नाचणीची आंबील आवडणाऱ्यांना हा चहा पहिल्या घोटात आवडतो, असा माझा अनुभव आहे. दूध घालायचंच असेल तर चार डब्यांतला हा एकच ते पेलतो. एक गंमत बघा: चांगला आसाम कपात तसाच ठेवून थंड होऊ दिला की तो गढूळ, दुधट दिसू लागतो. चहा बिघडला असं समजून लोक ओतून देतात. प्रत्यक्षात चहातलं कॅफीन आणि त्याला रंग देणारी द्रव्यं थंडाव्यात एकमेकांना धरतात, म्हणून तो गढूळतो. चहा दमदार असल्याचीच ही खूण. गरम केला की पुन्हा नितळ.

अकराच्या सुमारास निलगिरी. कुन्नूर-उटीच्या डोंगरातला. हलका, स्वच्छ, फुलांसारखा वास, तुरटपणा बेताचा. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री दव गोठतं, त्या दिवसांतल्या खुडणीला फ्रॉस्ट टी म्हणतात आणि तो मिळाला तर मी जास्तीचा घेऊन ठेवते. आसामसारखा निलगिरी थंड झाल्यावर गढूळ होत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात गार चहा करायला हाच घ्यावा.

दुपारी चारला दार्जिलिंग, आणि त्यासाठी खाली वेगळा प्रश्न ठेवला आहे.

चौथा डबा कांगड्याचा. हिमाचलात पालमपूरच्या आसपास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चिनी जातीची झुडपं लावली गेली आणि त्या चहाचं चांगलं नाव झालं. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपाने सगळं मोडलं, बरेच इंग्रज मळेवाले जमिनी विकून निघून गेले. आज तिथे मुख्यतः लहान शेतकरी चहा पिकवतात. पिवळसर, सौम्य, कोवळ्या गवताच्या वासाचा हा चहा ज्यांना काळा चहा फार कडक लागतो त्यांनी जरूर प्यावा. आपल्याकडे त्याची म्हणावी तशी ओळख नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश आणि सेकंड फ्लश, यात घ्यायचा कोणता?

संत्र्याला जसे अंबिया आणि मृग बहर, तसे चहाला फ्लश. दार्जिलिंगला पहिला बहर फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, दुसरा मे-जूनचा, मग पावसाळी, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचा शरदातला.

पहिल्या बहराचं पान हिरवट दिसतं, कारण ते खूप वाळेपर्यंत कोमेजवतात आणि मग हवेने तांबूस व्हायची क्रिया पुरी होतच नाही. कपात फिकट सोनेरी पाणी. ज्याला चहा म्हणजे गडद रंग असं वाटतं तो पहिल्यांदा हमखास विचारतो, ‘पत्ती घालायची राहिली का?’ वास घ्यायला सांगा. ताज्या फुलांचा, कोवळ्या पानांचा वास असतो.

दुसऱ्या बहरात मात्र खरी कमाल आहे. त्या दिवसांत झुडपांवर तुडतुडे येतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस पिकवणाऱ्याला तुडतुडे म्हटलं की धडकी भरते, आणि तिकडे मळेवाले त्यांची वाट बघतात. तुडतुड्याने रस शोषला की पान बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातून पिकल्या द्राक्षाचा, मनुकांचा तो वास येतो ज्याला मस्कटेल म्हणतात. फवारणी केली की तुडतुडे गेले आणि वासही गेला.

माझं मत विचाराल तर सुरुवात दुसऱ्या बहराने करा. पहिला बहर नाजूक आणि महाग, पाण्याची थोडी चूक झाली की तुरट होतो. आणि शरदातला चहा विसरू नका. त्याला कोणी विचारत नाही म्हणून तो स्वस्त असतो, आणि थंडीच्या संध्याकाळी मला तो दुसऱ्या बहराइतकाच आवडतो.

पुड्यावर एसएफटीजीएफओपी-१ असं लांबलचक लिहिलेलं असतं. ते काय?

पानाचा आकार आणि त्यातल्या कळ्यांचं प्रमाण सांगणारी प्रत. चवीची हमी नव्हे. अक्षरं जितकी जास्त तितकं पान अख्खं आणि कळीदार, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बीओपी म्हणजे तुटकं पान. ते लवकर आणि कडक उतरतं, रोजच्या घाईच्या सकाळी उपयोगी पडतं. त्याहून बारीक ते फॅनिंग्ज आणि डस्ट, ते बहुतेक टी-बॅगमध्ये जातं. मी अक्षरांपेक्षा बागेचं नाव, बहर आणि वर्ष बघते. या तिन्ही गोष्टी पुड्यावर नसतील तर पुडा परत ठेवते.

किती पान, किती पाणी, किती वेळ?

२०० मिली पाण्याला अडीच ग्रॅम पान. आसामला चार मिनिटं, निलगिरी आणि दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंगला साडेतीन, पहिल्या बहराला आणि कांगड्याला तीन. इथून सुरू करा, मग आपापल्या जिभेप्रमाणे बदला.

चहा चाखणाऱ्या व्यावसायिकांचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. त्यात १०० मिलीला दोन ग्रॅम पान, उकळतं पाणी आणि सहा मिनिटं असं प्रमाण दिलेलं आहे. ते वाचून काही लोक घरी तसाच चहा करतात आणि तोंड वाकडं करतात. ते मानक वेगवेगळे चहा एकाच मापाने ताडून बघण्यासाठी आहे, सुखाने पिण्यासाठी नाही.

सगळ्यात जास्त चुका होतात चमच्याने. आसामचं घट्ट वळलेलं पान चमचाभर घेतलं तर दोनेक ग्रॅम भरतं, तर दार्जिलिंगचं फुलारलेलं पान त्याच चमच्यात जेमतेम एक-सव्वा ग्रॅम. म्हणून दार्जिलिंग ‘पाणचट’ लागतो. पान कमी पडलेलं असतं आणि दोष चहाला लागतो. मग लोक तो दहा मिनिटं ठेवतात आणि पाणचटाचा कडू होतो. चहा कडक हवा असेल तर पान वाढवा, वेळ वाढवू नका.

आणि पातेल्यात पान घालून खळाखळा उकळू नका. पानाचा चहा मुरवायचा असतो.

पाण्याचं तापमान मोजायला थर्मामीटर घ्यावा लागेल का?

नाही. मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ ला, महाबळेश्वरला ९५-९६ ला. खुद्द दार्जिलिंग शहर दोन हजार मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९३ च्या आसपासच उकळतं. आसाम आणि निलगिरीला सरळ उकळतं पाणी घाला. पहिल्या बहराच्या दार्जिलिंगला आणि कांगड्याला गॅस बंद करून, झाकण काढून, दोन मिनिटं थांबा. हिरवा चहा असेल तर पाच मिनिटं. पाणी एका भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की ते लगेच बरंच उतरतं, ही युक्तीही चालते.

सुरुवातीला कोणती भांडी घ्यायची?

घरात पातेलं, ताटली आणि गाळणं असेल तर आजच सुरुवात होते. पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, पान घाला, ताटली झाका, वेळ झाली की गाळा. मी पहिले सहा महिने असाच केला आणि त्या चहात काही कमी नव्हतं.

पहिली खरेदी करायची तर वजनकाटा करा. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशात मावणारा छोटा काटा. किटलीपेक्षा आधी काटा, हे मी प्रत्येकाला सांगते.

दुसरी गोष्ट, कपात बसणारी स्टीलची खोल जाळी. पेल्यासारखी, कपाच्या जवळजवळ तळापर्यंत जाणारी. पान ओलं झालं की कोरड्याच्या कितीतरी पट फुगतं, त्याला हलायला जागा लागते. साखळीला लटकणारा तो छोटा जाळीदार गोळा घेऊ नका. दिसतो छान, पण त्यात पान कोंबलं जातं, मधलं पान कोरडंच राहतं. माझ्याकडे असा एक आहे. मी त्यात दालचिनी-लवंगा घालून पुलावात सोडते, आणि त्या कामाला तो उत्तम आहे.

घरात दोघं-तिघं चहा पिणारे असतील तर चिनीमातीची किंवा काचेची ५०० मिलीची किटली. आधी गरम पाण्याने विसळून घ्या, नाहीतर गार किटलीच अर्धी उष्णता पिऊन टाकते. एक नियम मात्र पाळा: वेळ झाली की सगळा चहा ओतून घ्यायचा, पानावर पाणी शिल्लक ठेवायचं नाही. दुसरा कप कडू लागतो तो यामुळेच.

कॉफीचा फ्रेंच प्रेस घरात असेल तर तोही छान चालतो, फक्त दट्ट्या पानावर दाबू नका, वरच थांबवा. आणि कॉफीचा वास पूर्ण गेला आहे ना, ते बघा.

गायवान, म्हणजे झाकणाची चिनी वाटी, मी दुसऱ्या बहराच्या दार्जिलिंगसाठी सुटीच्या दिवशी वापरते. पान दुप्पट, पाणी थोडं, अर्ध्या-पाऊण मिनिटाचे चार-पाच घाणे. प्रत्येक घाण्याची चव वेगळी. पण बोटं भाजायची सवय व्हायला आठवडा जातो, रोजच्या गडबडीत ती काढू नये.

टाळायचं काय? लोखंडाचं भांडं, कारण चहातली तुरट द्रव्यं आणि लोह मिळून काळा रंग आणि धातूची चव येते. प्लास्टिकची जाळीही नको, ती कालच्या चहाचा वास आज देते. किटलीत तपकिरी डाग धरले तर खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून रात्रभर ठेवा. घासणीने खरवडायची गरज नाही.

आमच्या घरी दुधाशिवाय चहा कोणी पीतच नाही. मग?

मग माझ्या आजीची रीत ऐका. तिच्याकडे जर्मनचं पातेलं होतं. पाणी आणि साखर उकळलं की ती पातेलं खाली उतरवायची, त्यात पत्ती सोडायची, वर पितळी ताटली झाकायची आणि पोह्यांना फोडणी द्यायला वळायची. तेवढ्या वेळात चहा मुरायचा. ताटली उचलून ती आत बघायची. आधी वर तरंगणारी पत्ती तळाशी बसली असेल तर चहा झाला. मग गाळून, दुसऱ्या शेगडीवर तापवलेलं दूध वरून. चहा उकळला की तिच्या मते तो ‘काढा’ व्हायचा.

पानाचा चहा हाताळायची रीत हीच, तिच्याकडे फक्त पान नव्हतं. आसामचं तुटकं पान घ्या, २०० मिली पाण्याला साडेतीन ग्रॅम, पाच मिनिटं झाकून ठेवा आणि ३०-४० मिली गरम दूध घाला. दूध चहात उकळायचं नाही. घरातल्या ज्येष्ठांना वेगळं काही प्यायला दिलंय असं वाटणारच नाही.

चहावर तेलकट तवंग येतो. चहात भेसळ आहे का?

बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर त्यातला चुना आणि चहातली द्रव्यं हवेशी मिळून पातळ पापुद्रा धरतात. कप हलवला की तो काचेसारखा तडकतो. लिंबाचे दोन थेंब टाकून बघा, तवंग जातो, रंगही उजळतो. पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरलं तर हा त्रास राहत नाही. मात्र आरओचं अगदीच निःसत्त्व पाणी असेल तर चहा सपाट लागतो. मी आरओचं आणि नळाचं उकळलेलं पाणी निम्मं-निम्मं घेते.

भेसळीची शंका असेल तर ओल्या टीपकागदावर किंवा पांढऱ्या टिश्यूवर पत्ती पसरून वरून थोडं पाणी शिंपडा आणि बाजूला ठेवा. वरून रंग दिला असेल तर पत्ती झटकल्यावर खाली रंगाचे डाग दिसतात.

चहा साठवायचा कसा? फ्रिजमध्ये ठेवू का?

फ्रिजमध्ये नको. डबा बाहेर काढला की आत दव धरतं, आणि फ्रिजमधल्या सगळ्या वासांची हजेरी लागते ती वेगळीच. घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा पत्र्याचा डबा, उजेडापासून आणि गॅसपासून लांब. काचेची बरणी दिसायला सुंदर, पण उजेडात पान मरतं.

चहा वास ओढून घेतो, हे मी एका पावसाळ्यात शिकले. नव्या पहिल्या बहराच्या दार्जिलिंगचा डबा हिंगाच्या डबीशेजारी ठेवला होता, झाकण थोडं सैल होतं. आठवड्याने उघडला तर आमटीचा वास. शंभर ग्रॅम चहा गेला. तेव्हापासून चहाचं कपाट वेगळं आणि मसाल्यांचं वेगळं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात मोठा डबा रोज उघडू नका. आठवड्यापुरता चहा छोट्या डबीत काढून घ्या.

पहिला बहर सहा-आठ महिन्यांत संपवावा. आसाम वर्ष-दीड वर्ष चांगला राहतो.

हा शौक महागडा नाही का?

हिशोब करू. समजा १०० ग्रॅमला ५०० रुपये पडले. अडीच ग्रॅमप्रमाणे ४० कप, म्हणजे साडेबारा रुपये कप. पानावर दुसऱ्यांदा पाणी घातलं, एखादं मिनिट जास्त ठेवलं, की दुसरा कपही चांगला निघतो. मग सव्वासहा रुपये. यात दूध-साखरेचा खर्च नाही. बाहेरच्या टपरीवरच्या कटिंगपेक्षा हा महाग पडत नाही. मात्र सुरुवातीला शंभर-शंभर ग्रॅमचे पाच पुडे घेऊ नका. २५ ग्रॅमचे नमुने मिळतात, ते घ्या.

‘दार्जिलिंग’ म्हणून घेतलेला चहा खरा कशावरून?

२००४ मध्ये भारतात पहिलं भौगोलिक मानांकन मिळालं ते दार्जिलिंग चहाला. ठरवून दिलेल्या ८७ बागांतला चहाच त्या नावाने विकता येतो. पुड्यावर टी बोर्डाचं चिन्ह बघा: बाजूने दिसणारी स्त्री आणि तिच्या हातात दोन पानं नि एक कळी. एकदा एका ऑनलाइन दुकानातून मी स्वस्त मिळतंय म्हणून बागेचं नाव नसलेला पुडा मागवला. आत शिळं, पिवळट, वास नसलेलं पान निघालं. नेपाळचा चहाही दार्जिलिंगच्या नावावर खपवला जातो. नेपाळच्या इलाम भागातला चहा मुळात चांगलाच असतो, तो त्याच्या स्वतःच्या नावाने विकत घ्यावा.

कोऱ्या चहाने पित्त होतं का? झोप जाते का?

उपाशीपोटी कडक कोरा चहा अनेकांना सोसत नाही, मलाही नाही. आधी एक खारी किंवा दोन बदाम खा. जेवणाबरोबर चहा मात्र टाळा, कारण चहामुळे डाळी-भाज्यांमधलं लोह अंगी कमी लागतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. रक्त कमी असणाऱ्यांनी तर नक्कीच. कॅफीन प्रत्येक खऱ्या चहात असतं, हिरव्यातही. मी संध्याकाळी सहानंतर पीत नाही. रात्री काही गरम हवं असेल तर गवती चहा घेते. त्याला नावापुरता चहा म्हणतात, ते गवत आहे आणि त्यात कॅफीन नसतं.

ऑफिसात कसा करायचा?

कपातली जाळी, झाकण म्हणून बशी आणि घरून अडीच-अडीच ग्रॅम मोजून नेलेल्या पुड्या. मशीनचं गरम पाणी बहुतेक ठिकाणी उकळतं नसतं, म्हणून आसाम तिथे फिका लागतो; निलगिरी किंवा कांगडा न्या. उन्हाळ्यात त्याहून सोपं: रात्री लिटरभर गार पाण्यात दहा ग्रॅम निलगिरी टाकून बाटली फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळून न्या. गार पाण्यात तुरटपणा फारच कमी उतरतो, साखरेची आठवणही येत नाही.

उरलेल्या चोथ्याचं काय करता?

टाकण्याआधी तो बशीत पसरून बघा. चांगल्या चहात पान पुरतं उलगडलेलं असतं, कडेचे दाते दिसतात, आणि एखाद्या देठाला दोन पानं नि मधली कळी अजून धरून असते. कोणीतरी डोंगरउतारावर उभं राहून ती दोन बोटांनी खुडलेली असते. नुसते तुकडे आणि काड्या दिसल्या तर पुढच्या वेळी तो पुडा घेऊ नका.

मग चोथा ताटलीत दिवसभर वाळवून कुंडीत. ओला घातला तर बुरशी आणि चिलटं येतात, आणि दूध-साखर लागलेला असेल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या. आमच्याकडे तो मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला जातो.